उरलेल्या माशांची सनद

इनामदाराला सनद लागते, वतनदाराला लागते, देवस्थानाच्या पुजाऱ्यालाही लागते. परंतु कोळ्याच्या कालवणालासुद्धा सनद लागते, हे मला मार्सेलिस शहरातील एका उपाहारगृहाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत टांगलेला कागद वाचून प्रथम कळले. तेथील काही खानावळवाल्यांनी १९८० साली एकत्र बसून तो दस्तऐवज सिद्ध केला होता, आणि 'बुयाबेस' हे नाव कोणत्या रश्शाला लावावे व कोणत्याला लावू नये याचा जकातनाक्यावरील कारकुनाच्या काटेकोरपणाने त्यात निवाडा केलेला होता. माशांच्या ठरावीक जातींची यादी, आणि तीपैकी निदान चार जाती पातेल्यात पडल्याच पाहिजेत. रस्सा एका पात्रात व मासे दुसऱ्यात असे वेगवेगळे वाढले पाहिजेत. आणि अखंड शिजलेले मासे पाहुण्याच्या समक्ष सोडवून दिले पाहिजेत, अशी ती कलमे. माझे फ्रेंच बेताचे असल्यामुळे सोबतचा तरुण स्नेही एकेक कलम उलगडून सांगत होता, आणि माशांच्या यादीशी तो आला तेव्हा मला हसू आवरेना. कारण त्या यादीतील बहुतेक मंडळी अशी होती की, ज्यांना एके काळी त्याच शहराच्या बाजारात कोणी गिऱ्हाईक नव्हते.

रास्कास हा त्या यादीतला मानकरी. तांबड्या खडकासारखा ओबडधोबड, पाठीवरच्या काट्यांत विष बाळगणारा, डोके अवाढव्य आणि त्या डोक्याच्या मानाने मांस इतके थोडे की, चार पैसे गाठीला बांधून बाजारात आलेल्या सुज्ञ गृहिणीने तो विकत घेण्याचे काही कारण नाही. दुसरा वीव्ह, हा वाळूत अंग पुरून बसतो आणि चुकून पाय पडला की असा डंख करतो की, धट्टाकट्टा खलाशी वेदनेने रडू लागतो. ग्रोंदँ पाण्याबाहेर काढला की गुरगुरतो, म्हणून त्याचे नावच गुरगुऱ्या. बोद्र्वा म्हणजे सगळा जबडा आणि जबड्याला लावलेले एक शेपूट. शिवाय आपल्या वामेच्या कुळातला एक लांबलचक, काटेरी, सर्पाकार प्राणी. या सर्व हीनदीन समाजात सॅं-पिएर तेवढा खानदानी. त्याच्या कुशीवर एक वाटोळा काळा डाग असतो, आणि ख्रिस्ताचा शिष्य होण्यापूर्वी मासेमारी करणाऱ्या संत पीटरच्या अंगठ्याचा तो ठसा आहे, असे तिकडील भाविक लोक सांगतात. पहाटे होड्या किनाऱ्याला लागत, चांगली मासळी निवडून श्रीमंतांच्या स्वयंपाकघरांकडे रवाना होई, आणि मग होडीच्या तळाशी जे उरे, म्हणजे जाळ्यात फाटलेले, काट्यांनी भरलेले, ओळखदेख नसलेले, ते सगळे एका कढईत जाई. त्या कढईत पाणीही समुद्राचेच असे, असे सांगतात.

ज्याने हर्णैच्या बंदरावर सायंकाळचा लिलाव पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. माझे बालपण त्या बंदरापासून दोन-तीन कोसांवर गेले, आणि आत्याबरोबर मी तेथे वारंवार जात असे. सुवर्णदुर्गाच्या मागे सूर्य उतरू लागला की होड्या येत, वाळूवर मासळीचे ढीग पडत, बोली सुरू होई. सुरमई, पापलेट, हलवा यांची वाट मुंबईच्या रस्त्याला लागे, आणि मग पुळणीवर चुकारीची मासळी राही, चार मांदेल्या, दोन ढोमी, एखादी नांगी तुटलेली चिंबोरी. ती खलाशांची. कोणी तिचा हिशेब वहीत लिहीत नसे. पण अंधार पडल्यावर त्या बाजूने जो वास येई, त्याच्यापुढे आमच्या घरी शिजलेली सुरमई मला सोवळ्यातली वाटत असे, आणि आत्याचेही मत माझ्याहून निराळे नसावे. कारण त्या बाजूने जाताना तिची पावले हमखास मंद होत.

मराठी माणसाला मार्सेलिस हे नाव अर्थातच माशांमुळे ठाऊक नाही. ८ जुलै १९१० रोजी 'मोरिया' बोटीच्या खिडकीतून सावरकरांनी त्या बंदरात उडी घेतली, पोहून किनारा गाठला, आणि फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवूनही ते पुन्हा इंग्रजांच्या स्वाधीन केले गेले. पुढे तो वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला आणि १९११ च्या फेब्रुवारीत निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. ही हकीकत माझ्या पिढीने शाळेच्या वयातच पाठ केलेली, त्यामुळे नव्वदीच्या दशकातील एका शरद ऋतूत जेव्हा मी त्या शहरात महिनाभर राहावयास गेलो, तेव्हा पहिल्या दिवशी धक्क्यांवर हिंडून पाण्याकडे बराच वेळ पाहत उभा राहिलो. मन भरून आले. आणि मग भूक लागली. हे कबूल करणे थोडे संकोचाचे आहे, पण निबंधकाराने न्यायालयातल्यापेक्षा अधिक खरे बोलावे अशी अपेक्षा असते.

ती भूक मी जेथे भागवली त्या जागेचे नाव घेत नाही. जुन्या बंदराच्या काठाला रंगीत छत्र्यांखाली टेबले मांडलेली होती आणि दारातला मनुष्य प्रत्येक वाटसरूला हात धरून आत बसवीत होता. माझ्यापुढे जे आले ते टोमॅटोचे लाल सार होते, त्यात बर्फातून काढलेल्या कुठल्याशा पांढऱ्या माशाचे चौकोनी तुकडे आणि शिंपल्या तरंगत होत्या, आणि केशर म्हणून जे घातले होते त्यात हळद होती. अन्य गोष्टींत मला फसवणे सोपे आहे. हळदीच्या बाबतीत कोकणातल्या माणसाला फसवणे सोपे नाही. मोजलेले फ्रँक मात्र अस्सल केशराच्या दराने गेले.

ही तक्रार मी संध्याकाळी घरमालकीणबाईंपुढे मांडली. मी ज्यांच्या वरच्या मजल्यावर उतरलो होतो त्या या बाई साठीच्या घरातल्या, विधवा, कोळ्याच्या लेक. आजा-आजी नेपल्सकडून आलेली. त्यांनी माझी फिर्याद शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "म्हणून तर त्या लोकांनी तो कागद केला. पण तुम्ही कागदावरचेही खाऊ नका. माझ्या बापाला वाचता येत नव्हते." मग थोड्या वेळाने, जणू एखाद्या खटल्याची तारीख लावावी तशा थाटात, "शुक्रवारी. पण दोघांसाठी होत नाही. सहा तरी माणसे पाहिजेत, आठ असली तर उत्तम."

त्या शहरातील कोळ्यांना कागदाचे वावडे असावे, हे मला पुढे त्यांच्या जुन्या पंचायतीची माहिती मिळाली तेव्हा अधिक पटले. 'प्रुदोमी' या नावाची ही संस्था मध्ययुगापासून चालत आलेली. कोळी आपल्यातूनच पंच निवडत. जाळे कोणी कोठे टाकावे, कोणाची वहिवाट कोठवर, कोणी कोणाचे दोर कापले, असे सर्व कज्जे त्यांच्यापुढे चालत. तेथे वकील नसे, लेखी अर्ज नसे, कैफियत नसे. मुद्दई बोले, मुद्दालेह बोले, आणि पंच तिथल्या तिथे निवाडा देत. राज्यक्रांतीने फ्रान्समधील किती जुन्या संस्था मोडीत काढल्या. परंतु या कोळ्यांच्या मुनसफीला १७९० साली त्याच क्रांतीच्या राष्ट्रसभेने अभय दिले. आपल्या कोळीवाड्यांतील जमातीची आणि पाटलाची आठवण यावी असाच हा प्रकार आहे. ज्या लोकांनी जाळ्यांचे आणि समुद्राच्या हद्दींचे तंटे शतकानुशतके तोंडी मिटवले, त्यांच्या रात्रीच्या जेवणाची कलमे मात्र अखेर कागदावर उतरली, आणि तीही त्यांनी नव्हे, खानावळवाल्यांनी उतरवली.

परंतु मानवी स्वभाव असा आहे की, जे पक्वान्न एकदा प्रतिष्ठित लोकांच्या ताटात गेले त्याला कुलवृत्तांत लागतोच. बुयाबेसची कुळकथा सांगणारे भाट थोडे नाहीत. एक कथा थेट देवलोकात जाते: प्रेमदेवता व्हीनस हिने आपल्या लंगड्या लोहार पतीला, व्हल्कनला, हाच रस्सा भरपेट खाऊ घातला, केशराच्या गुंगीने तो घोरू लागला, आणि देवी निर्वेधपणे रणदेव मार्सकडे गेली. दुसरी कथा एका मठात घडते, आणि उपवासाच्या शुक्रवारी एका मठाधिपतिणीने हा पदार्थ शोधून काढला असे सांगून पदार्थाच्या नावावर एक कोटी साधते. तिसरी अधिक भारदस्त आहे. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील फोकिया नगरीचे ग्रीक दर्यावर्दी ख्रिस्तपूर्व ६०० च्या सुमारास येथे आले, आणि त्यांनी मस्सालिया वसवले. ते उतरले त्याच दिवशी तेथील राजा आपल्या कन्येचा विवाह मांडून बसला होता. आमंत्रितांपैकी ज्याच्या हाती ती पेला देईल तो वर, आणि गिप्तिस नावाच्या त्या मुलीने पेला दिला तो नुकत्याच आलेल्या परदेशी प्रोतिसला. आपल्या वाचकाला या स्वयंवराचे नवल वाटणार नाही. ग्रीसमधील कोळी आजही 'काकाविया' नावाचा माशांचा रस्सा करतात, आणि काकावी म्हणजे त्यांची तीन पायांची हंडी. तेव्हा वऱ्हाडाबरोबर ती हंडीही उतरली असली पाहिजे, असा हा युक्तिवाद.

हंडी उतरली असेलही. पण त्या हंडीत टोमॅटो नव्हता, मिरची नव्हती, आणि काही घरांत ज्या बटाट्याच्या चकत्या घालतात तो बटाटाही नव्हता. कारण या तिन्ही वस्तू कोलंबसाने महासागर ओलांडल्यानंतर युरोपास कळल्या. म्हणजे आज ज्याला आपण बुयाबेस म्हणतो त्याचा रंग आणि तिखटपणा देवलोकातला नव्हे, ग्रीसचाही नव्हे, अमेरिकेचा. यात मार्सेलिसवाल्यांनी खट्टू होण्यासारखे काही नाही. आमच्या कोकणच्या कालवणातली मिरची तरी कोठे आमची? पोर्तुगीज गलबतांतून ती आली, आणि आज तिच्यावाचून मासळी शिजू शकते ही कल्पनाही आम्हांला सहन होत नाही. मला तर असे वाटते की, या कुळकथा रचणाऱ्यांनी व्यर्थ श्रम घेतले. भूमध्य समुद्राच्या काठाने जिथे जिथे होड्या आणि भूक एकत्र आली, तिथे तिथे हा पदार्थ निराळ्या नावाने जन्मला. लिव्होर्नोत त्याला काच्चुक्को म्हणतात. जेनोवाच्या बाजूस चुप्पिन. आणि तिकडील कोळी पोट घेऊन सान फ्रान्सिस्कोला गेले तेव्हा तोच चुप्पिन तेथे चोप्पिनो झाला. पोर्तुगिजांची काल्देइराद हीसुद्धा आपल्या हंडीवरूनच नाव घेते. उरलेल्या माशांना मूळपुरुष कोठून असणार?

नावावरून एक गोष्ट मात्र खात्रीने कळते. प्रोव्हांस प्रांताच्या जुन्या बोलीत त्या नावाचे दोन तुकडे पडतात: एक 'उकळणे' आणि दुसरा 'उतरवणे' किंवा 'कमी करणे'. उकळले की उतरवा. पदार्थाचे नाव म्हणजेच त्याची कृती, आणि तीही एखाद्या घाईत असलेल्या माणसाने दुसऱ्याला ओरडून सांगितल्यासारखी. इंग्रज कादंबरीकार थॅकरे, ज्याचा जन्म १८११ साली आपल्या कलकत्त्यात झाला, त्याने १८४९ मध्ये या पदार्थावर एक गीत लिहिले. पण त्याने तो चाखला पॅरिसच्या एका गल्लीत, समुद्रापासून कितीतरी दूर, आणि हरवलेल्या मित्रांची आठवण काढीत. चांगल्या जेवणावर शोकगीत लिहिणे इंग्रजांनाच जमते.

शुक्रवारी सकाळी मी बाईंबरोबर तेव्हा बेल्जियनांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धक्क्यावर गेलो. जुन्या बंदराच्या आतल्या टोकाला निळ्या पत्र्याची मेजे मांडून कोळिणी उभ्या होत्या; मागे त्यांच्या टोकदार होड्या, पुढे उथळ पाण्यात अजून हालचाल करणारे मासे, आणि भाव ठरवण्याचा तो उच्च स्वर, ज्याचे भाषांतर करावे लागत नाही. बाईंनी एका रास्कासचा कल्ला उचलून पाहिला, नाक मुरडले, पुढे गेल्या, आणि दहा पावलांवर तसाच दुसरा मासा घेतला. मी भाव विचारला तर त्या म्हणाल्या, "माझ्या बापाने हा कोणाला फुकट दिला असता तर तो रागावला असता. आता हाच मासा विकायला काढा, माझी आठवड्याची भाजी येईल." मग त्यांनी बंदराच्या उत्तरेकडच्या काठाकडे, जेथे एका साच्याच्या उंच दगडी इमारती ओळीने उभ्या होत्या, हात केला. तेथे सॅं-झां नावाचा कोळीवाडा होता. जानेवारी १९४३ मध्ये जर्मन फौजेने आणि फ्रेंच पोलिसांनी मिळून तो वीस हजारांहून अधिक माणसांचा वाडा रिकामा केला, माणसांना गाडीत घालून फ्रेझ्यूसच्या छावणीत नेले, आणि फेब्रुवारीत सुमारे दीड हजार इमारती सुरुंग लावून एकामागून एक पाडल्या. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या. त्यांच्या आईने निघताना काय घेतले असेल, तर खल आणि बत्ता. पांढऱ्या संगमरवराचा, दोन हातांनी उचलावा लागे असा.

तो खल मी पाहिला. त्यातच त्या दुपारी लसूण, सुकी मिरची, केशर आणि अंड्याचा बलक घेऊन, ऑलिव्हचे तेल थेंबाथेंबाने सोडीत, 'रुई' तयार झाली. आपल्या रुईच्या झाडाशी तिचा संबंध नाही, फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ लोखंडाचा गंज, आणि तिचा रंग खरोखरच तसा असतो. इकडे चुलीवर आधी कांदा, लसूण, टोमॅटो, बडीशेपेच्या झाडाचा कांद्यासारखा बुंधा, तमालपत्रासारखे एक पान आणि संत्र्याच्या सालीची पट्टी तेलात परतून, त्यात खडकांतली बारीक मासळी काट्याकुट्यांसह शिजवून, सगळे चिरडून गाळून घेतले होते. त्या गाळलेल्या रश्शात मग मोठे मासे पडावयाचे. आणि येथे मी, पाहुणा असूनही, बोललोच. कारण बाईंनी आच कमी करण्याऐवजी वाढवली. आमच्याकडे मासळी घातल्यावर कालवण खळखळू देत नाहीत. तुकडे फुटतात, आणि आत्या तर अशा वेळी पळीसुद्धा लावू देत नसे, हंडीच धरून अलगद हलवी. बाईंनी माझ्याकडे पाहिलेही नाही. "थांबा," एवढेच म्हणाल्या.

त्या उकळीचे रहस्य मला मागाहून कळले. मंद आचेवर तेल वर तरंगत राहते आणि पाणी खाली. परंतु सडकून उकळी आली की तेलाचे इतके सूक्ष्म कण होतात, आणि माशांच्या हाडांतून व कातडीतून सुटलेला चिकट अंश त्या कणांना असा धरून ठेवतो की, तेल आणि पाणी एकजीव होऊन रस्सा दाटतो. ज्या काटेरी, हाडाळ, डोक्याने मोठ्या माशांना बाजाराने नाकारले, त्यांच्याजवळच तो चिकट अंश भरपूर. पापलेटासारख्या सुकुमार माशाला ही उकळी मानवली नसती आणि त्याच्याने हा रस्साही बांधला गेला नसता. टणक अंगाचे रास्कास आणि वाम आधी पडले, सॅं-पिएर अगदी शेवटी. सगळे मिळून पाव तास झाला असेल नसेल. मग बाई कान देऊन उभ्या राहिल्या, आणि उकळीचा आवाज बदलला तसे दोन्ही हातांनी पातेले खाली उतरवले. त्या एका हालचालीत पदार्थाचे सगळे नाव होते.

टेबलाभोवती आम्ही सात जण होतो. आधी रस्सा आला. भाजलेल्या पावाच्या चकत्यांवर लसणाची पाकळी घासून, वर रुईचा थर देऊन त्या रश्शात सोडावयाच्या, आणि पाव फुगून मऊ होईपर्यंत धीर धरावयाचा. धीर कोणीच धरला नाही. पहिला घोट गरम, समुद्राचा, मग केशर, मग बडीशेपेची थंड, गोडसर झुळूक, आणि सर्वांच्या मागून, उशिरा पोहोचलेल्या नातलगासारखी, संत्र्याच्या सालीची किंचित कडवट जाणीव. आमच्या तिरफळाची आणि कोकमाची त्यात काही सोय नव्हती, आणि मला त्यांची उणीव भासली हे खरे. पण ती जेवण बिघडवणारी उणीव नव्हती, घरापासून दूर असल्याची होती. बोलणे थांबले. पुन्हा रस्सा, पुन्हा पाव. वारा सुटला होता आणि खिडकीची झडप अधूनमधून आपटत होती. ती लावायलाही कोणी उठले नाही.

नंतर मासे आले, परातीएवढ्या बशीत अखंड मांडलेले, आणि सनदेच्या कलमाची काही तमा न बाळगता बाईंनी ते जसे हाताला येतील तसे सर्वांच्या ताटांत वाढले. पाहुणे मांस सोडवून खात होते आणि डोकी नीट बाजूला सारत होते. मीही प्रथम शिष्टाचार पाळला. परंतु रास्कासच्या गालाखाली मांसाची एक गोळी असते, आणि डोळ्यामागे, जबड्याच्या सांध्यात, कवटीच्या खोबणीत जे असते ते काट्याचमच्याने मिळत नाही. हर्णैच्या पुळणीवर वाढलेल्या माणसाला ते ठाऊक नसेल असे होणे नाही. दोन मिनिटे मी ताटाकडे पाहिले, मग चमचा ठेवला, डोके हातात घेतले आणि ते सांध्यावर मोडले. टेबलावर क्षणभर शांतता झाली. बाईंनी मान वर केली, माझ्या बोटांकडे पाहिले, आणि काही न बोलता स्वतःच्या ताटात सर्वांत मागे राखून ठेवलेले सर्वांत मोठे डोके उचलून माझ्या ताटात ठेवले.